उज्ज्वलची उजवी बाजू

अराद, बहरीन
गुरुवार, २० नोव्हेंबर १९९७

प्रिय मैत्री,

'प्रिय' लिहिलंय त्यावर जाऊ नकोस, पत्राला लिहावंच लागतं. पहिली गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, नायतर पानं भरतील आणि ती तशीच राहून जाईल. गेल्या वर्षी मी तुझ्या भावाचे डोळे तपासून आलो. म्हणजे डोळे माझे, नाव त्याचं. इथे लायसनसाठी आधी डोळे चांगले असल्याचा कागद लागतो. उज्ज्वलचा फोटो चिकटवलेला फॉर्म घेऊन मी एका दवाखान्यात जाऊन बसलो, त्याच्यासारखा भांग पाडून, त्याच्यासारखी मिशी कोरून. आतल्या माणसाने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. त्याला आपण सगळे एकाच साच्यातले. मग भिंतीवरची इंग्लिश अक्षरं वाचायला लावली, अगदी खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत. इंग्लिशमध्ये पैकीच्या पैकी मार्क मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले, आणि ते पण दुसऱ्याच्या खात्यावर. बाहेर येऊन आम्ही दोघं शावरमा खात खूप हसलो. आता हसू येत नाय.

हे पत्र तुला दुधाच्या पावडरच्या डब्यात सापडलं म्हणून घाबरू नकोस. गणपतकाका उद्या कायमचा गावी चाललाय. काका म्हणजे आमच्या खोलीतला सगळ्यात जुना माणूस, गुहागरकडचा, अठरा वर्षं इथे गाडी चालवली. माणूस चांगला, पण त्याच्याकडे पत्र द्यायची सोय नाय. मागच्या सुट्टीला खोलीतल्या एकाने बायकोला लिहिलेलं पत्र काकाने अर्ध्या एस.टी.ला वाचून दाखवलं, आणि परत आल्यावर म्हणतो, कस्टमवाल्याने पाकीट फाडलं. म्हणून हे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावडरमध्ये तळाला दाबणार. महाडला उतरून डबा तुझ्याच हातात द्यायचा, तुझ्या आईच्या, काकींच्या नाय, असं बजावलंय. का म्हणून विचारलं तर म्हटलं, मैत्रीने व्रत धरलंय, डब्यातलं पहिलं दूध तिनेच काढायचं. 'तुमच्यात व्रतं कधीपासून रे?' एवढं पण त्याला सुचलं नाय, उलट भक्तिभावाने मान डोलावली. पत्र मावतंय का बघायला मघाशी डब्यात हात घातला. कोपरापर्यंत पांढरा झाला आणि मला एकदम कसंतरीच झालं. का झालं ते पुढे सांगतो. सांगायचंच आहे, पण जरा दम धर. मी पण धरतोय.

आधी खुशाली. काकींना जय भीम सांग आणि सांग की उज्ज्वल धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, चपात्या मी लाटल्या तर शिव्या देत जेवतो. इथे त्याला कुणी उज्ज्वल म्हणत नाय, 'कबड्डी' म्हणतात. शुक्रवारी अरादच्या किल्ल्यामागच्या मोकळ्या जागेत आपल्याकडची, पंजाबची, पलीकडच्या पाकिस्तानची अशी सगळी पोरं जमतात आणि अनवाणी कबड्डी खेळतात. हा खेळत नाय. बाजूला उभा राहून एकेकाचा पाय कुठे चुकला ते सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा एक दांडगा पंजाबी म्हणाला, 'बोलता बहुत है, खेल के दिखा.' हा गेला, त्याच्या उजव्या पायाला बोट लावून परत आला, आणि त्याला कळलंच नाय कधी लावलं ते. तेव्हापासून सगळे त्याला विचारून उभे राहतात. ते बघितलं की मला आपलं ग्राउंड आठवतं, आणि मग बाकीचं पण आठवतं.

तुला एफ.वाय.ची हजेरी आठवते ना? इतिहासाचे सर नंबर घ्यायचे, आणि उज्ज्वल ग्राउंडवर. त्याचा नंबर आला की मागच्या बाकावरून त्याच्या घोगऱ्या आवाजात मी 'हजर सर', आणि माझा आला की माझ्या आवाजात 'हजर सर'. तू दुसऱ्या बाकावर बसून आवाज न करता हसायचीस, पण तुझे खांदे हलायचे, ते मला मागून दिसायचे. खरं सांगू, अर्धी हजेरी मी त्या खांद्यांसाठीच लावली. एकदा तर उज्ज्वल स्वतः वर्गात येऊन बसला होता आणि मी सवयीने त्याचा 'हजर' देऊन टाकला. त्याचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. सगळा वर्ग हसला, तो पण हसला. तेव्हा वाटलं, काय भारी गंमत झाली. आता वाटतं, तिथेच काहीतरी चुकत होतं. त्याच्या ट्युटोरियल मी लिहायचो, म्हणजे तुझ्या वहीतून उतरवायचो. कॉलेजला त्याची चढाई पाहिजे होती, खेळाच्या सरांना कपाटात ढाल पाहिजे होती, मला त्याच्या खांद्यावर हात टाकून कॅन्टीनमध्ये शिरायला पाहिजे होतं. त्याने पुस्तक उघडावं असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं. एकट्या तुला वाटायचं, आणि तू त्याची बहीण, म्हणजे तुझं कोण ऐकतोय.

त्र्याण्णवच्या जानेवारीतली फायनल तू बघितलीस. आपलंच मैदान, दोन गुणांनी आपण मागे, शेवटची चढाई. तो गेला आणि तिघांना घेऊन रेषेवर पडला. मी संघात बारावा. बारावा म्हणजे पाण्याची कळशी, सगळ्यांची घड्याळं सांभाळणं आणि सकाळी मैदान आखायला फक्की मारणं. एवढंच माझं खेळातलं योगदान, रेषा मात्र सरळ मारायचो. पोरांनी त्याला उचलला, नाचवला, आणि खाली ठेवला तेव्हा त्याचा हात उजव्या डोळ्यावर होता. सरांनी कळशीभर पाणी मारलं, मग दवाखाना, पट्टी. समोरच्या कोपऱ्यातल्या खेळाडूचं नख लागलं असं सर म्हणाले, मग सगळेच म्हणाले. पट्टी सुटली तेव्हा बुबुळावर बारीक पांढरं फूल राहिलं. काकींना वाटतं तो नुसता डाग आहे, नजर शाबूत आहे. तुला पण तेच वाटतं, कारण तू विचारलंस तेव्हा मीच म्हणालो होतो, अगं त्याने तर तो जास्तच देखणा दिसतो. मैत्री, नजर नाय. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार सोडून काही कळत नाय. पाच वर्षं होत आली.

त्यानंतर प्रत्येक मॅचला तो उजव्या अंगाने पकडला जायला लागला. गावात म्हणाले, हवा गेली पोराच्या डोक्यात. सरांनी दोन महिन्यांत संघातून काढला, आणि संघात नाय म्हटल्यावर इतिहासाच्या सरांना पण अचानक कान फुटले, घोगरा 'हजर' कुठून येतो ते ओळखायला लागले. परीक्षेच्या हॉलमध्ये तर दुसऱ्याच्या वतीने हजर म्हणायची सोयच नसते. एस.वाय.ला दोनदा आपटला. मग अलिबागची पोलीस भरती. धावण्यात पहिला, गोळाफेकीत पहिला, साहेबाने पाठ थोपटली. मेडिकलला डॉक्टरने डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि म्हणाला, समोरची भिंत वाच. हा म्हणाला, भिंत कुठंय? घरी येऊन त्याने सांगितलं, लेखी परीक्षेत उडालो. कारण ते सांगितलं की कुणी पुढे विचारणार नव्हतं, सगळ्यांना आधीच पटलेलं होतं. तू तेव्हा त्याला म्हणालीस, 'कधी पुस्तक उघडलं असतंस तर ही पाळी आली नसती,' आणि तीन महिने बोलली नाहीस. मी त्याला म्हटलं, अरे सांग तिला खरं. तर म्हणतो, 'बोलू दे. आंधळा म्हणण्यापेक्षा ढ म्हणालेली बरी.' हे तुला मी आज सांगतोय म्हणून रडत बसू नकोस, अजून मुख्य राहिलंय.

इथे आलो तेव्हा दोघंही हेल्पर. कंपनी ए.सी. बसवायची आणि दुरुस्त करायची. सीफला समुद्रात भर घालून टॉवर उठवतायत, तिथे लोखंडी पत्रे वर चढवायचे. दोघांनी उचलायचं ते उज्ज्वल एकटा उचलायचा आणि मी खालून 'शाब्बास' म्हणायचो. आमचा फोरमन ताहिरभाई सियालकोटचा आहे, तोंडाने फाटका पण मनाचा मोकळा. त्याने पहिल्या सहा महिन्यांत ओळखलं, पोराच्या हाताला कॉम्प्रेसरची भाषा कळते. एकदा बंद पडलेलं मशीन उज्ज्वलने नुसतं तळहात ठेवून सांगितलं, आत काय घासतंय ते. ताहिरभाई म्हणाला, वर्कशॉपमध्ये बस, शिक, वर्षाने टेस्ट दे, मेकॅनिक होशील. पण टेस्टला कागद. वायरिंग कागदावर काढायचं, मशीनवरचं इंग्लिश वाचायचं. कागद म्हटलं की अजून तो उठून बाहेर जातो. म्हणून तो ड्रायव्हरकीच्या मागे लागला. गाडीला हात लागतात, पाय लागतात, अंदाज लागतो, आणि ते सगळं त्याच्याकडे आहे. रस्त्यावरची टेस्ट त्याची त्याने दुसऱ्या झटक्यात पास केली हो, ती मी नाय दिली. मी फक्त डोळे दिले.

तेव्हापासून पिकअपमध्ये मी रोज त्याच्या उजव्या बाजूला बसतो. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात, म्हणजे फुटपाथ, सायकली, गल्लीतून निघणारी पोरं, सगळं त्याच्या मेलेल्या डोळ्याच्या बाजूला. मी बाहेर बघत बडबडत राहतो. 'उजवीकडून शेखसाहेब निघाले, पांढरी गाडी, घाईत आहेत, जाऊ दे बिचाऱ्यांना.' 'उजवीकडे सायकलवर चाचा, मागे पावांची अख्खी बेकरी, चाचाला सलाम कर आणि हळू घे.' मागे बसलेली पोरं वैतागतात, सुजीत म्हणजे रेडिओ, खलास कधी होतच नाय. त्यांना वाटतं मी टवाळी करतो. दीड वर्ष मी टवाळी करत नाय मैत्री, मी उज्ज्वलचा उजवा डोळा म्हणून ड्यूटी करतोय. फेब्रुवारीत मला दोन दिवस ताप आला, तर तिसऱ्या दिवशी बघतो तर पिकअपचा उजवा आरसा जागेवर नव्हता. तो म्हणाला, खांबाला लागला. खांबच होता ना, असं मी विचारलं नाय. नंतर चार दिवस मला गाडीला कपडा मारायचं निमित्त करून उजवी बाजू तपासायची सवय लागली होती, कुठे काही लाल दिसतंय का.

एवढं पण निभावलं असतं. पण आमच्या मालकाच्या शाळेच्या गाड्या पण आहेत. त्यातली छोटी बस गणपतकाका चालवायचा, अदलियाकडची पोरं न्यायची आणि आणायची, बावीस पोरं. काका चालला म्हटल्यावर मालकाने विचारलं, दारू न पिणारा, सिगरेट न ओढणारा कोण आहे? ताहिरभाईला पण नाव घ्यावं लागलं, उज्ज्वल. पगार वाढणार, वेगळी खोली मिळणार, आणि त्याहून म्हणजे लोक त्याला नावाने हाक मारणार, गाडीवर त्याचं नाव लागणार. ते ऐकून त्याचा चेहरा कसा झाला ते तुला सांगता येत नाय. फायनलनंतर तसा चेहरा मी बघितला नव्हता. आणि मी मात्र दुसराच हिशोब करत होतो. त्या बसमध्ये मी नसणार. तिथे अकीलाबाई असते, पोरांना चढवायला उतरवायला. तिचं लक्ष मागे, पोरांच्या भांडणात. बसचं दार कुठल्या बाजूला असतं सांग बघू? उजव्या.

काल बुधवारी रस्ता दाखवायला काकाने त्याला बस चालवायला दिली. मी पोट दुखतंय सांगून अर्धी सुट्टी घेतली आणि बसमध्ये घुसलो. काका पुढे बसून प्रत्येक पोराचा निरोप घेत डोळे पुसत होता, म्हणजे त्याचा पण काही उपयोग नव्हता. अदलियात एका गल्लीत श्रेया नावाची चिमुरडी उतरते, पहिलीत असेल, आपल्या सांगलीकडच्या लोकांची. घरी आई मराठीत विचारते आणि ही इंग्लिशमध्ये उत्तर देते, तसली. उतरली, अकीलाबाईने दार ओढलं. तेवढ्यात तिची पाण्याची बाटली हातातून सुटली आणि घरंगळत पुढच्या चाकापाशी गेली. मी मागच्या बाकावर उजव्या खिडकीतून बघत होतो. ती वाकली. उज्ज्वलने शिस्तीत मान वळवून पूर्ण उजवीकडे बघितलं, आरशात बघितलं, आणि गाडी सोडली. त्याने बघितलं, मैत्री. त्याच्या बाजूने त्याची काही चूक नव्हती. माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? रेषेबाहेरून ओरडायचो तेच, 'उज्ज्वल, मागे!' गाडीतली सगळी पोरं दचकली. पण त्याचा पाय त्याच्या डोक्याच्या आधी ऐकतो, अजूनही. ब्रेक लागला. मी उडी मारून खाली गेलो तर चाक आणि ती मुलगी यांच्यामध्ये तिची बाटली तेवढी होती, चेपलेली. ती शांतपणे माझ्याकडे बघून म्हणते, 'अंकल, व्हाय आर यू शाउटिंग?' काका म्हणाला, हे येडं कायम ओरडत असतं. सगळे हसले. उज्ज्वल हसला नाय. त्याने गाडी बंद केली आणि उजव्या आरशात परत परत बघत राहिला.

मला वाटलं आता तोच म्हणेल, नको ही बस. संध्याकाळी बस धुताना मी मुद्दाम त्याच्या बाजूला बादली घेऊन उभा राहिलो, त्याने म्हणावं म्हणून. त्याने पुढचं उजवं चाक दोनदा धुतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'बसच्या लायसनला परत डोळे तपासतात. शनिवारी नऊला. मिशीला हात लावू नकोस, फोटोसारखी ठेव.' आणि मी काय म्हणालो असेन? 'यल्ला, चल, जातो की.' लगेच. घोगऱ्या आवाजात 'हजर सर' म्हणायचो तसंच.

आता तो पांढरा हात. नख नव्हतं, मैत्री. त्या दिवशी गुलाल कुणी आणलाच नव्हता, आपण जिंकू असं वाटलं कुणाला होतं? पोरं नुसतीच उड्या मारत होती. माझ्या पायाशी सकाळचं घमेलं होतं, तळाला दोन मुठी फक्की शिल्लक. बाराव्याला कुणी उचलत नाय, बाराव्याकडे कुणी बघत पण नाय. मला वाटलं, आपण काहीतरी करावं, सगळ्यांनी हसावं. तू पण तिथेच दोरीला धरून उभी होतीस. मूठ भरली आणि वर फेकली. तो सगळ्यांच्या हातांवर होता, तोंड वर करून हसत होता, डोळे सताड उघडे. फक्की म्हणजे चुना, हे मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटलो असतो, पण सकाळभर माझीच बोटं चरचरत होती. माहीत होतं. विचार केला नाय, एवढंच. सरांनी 'नख' म्हटलं तेव्हा मी तिथेच कळशी धरून उभा होतो, हात पँटला पुसत. पँटवर पाच पांढरी बोटं उमटली होती, आणि एकाने पण विचारलं नाय की ही कशाची. उज्ज्वलला ते नखच वाटतं. खेळताना लागलं म्हणतो, त्याला त्यात मान वाटतो. मग मी त्याच्या ट्युटोरियल लिहीत राहिलो, त्याच्याबरोबर अलिबागला गेलो, त्याच्यामागून इथे आलो, उजव्या बाजूला बसलो. लोक म्हणतात काय दोस्ती आहे. दोस्ती आहेच गं, पण त्याच्या तळाला दोन मुठी फक्की आहे.

आज दुपारी मी मिशी काढली. सफाचट. आरशात बघितलं तर बाबांच्या लहानपणीच्या फोटोसारखा दिसतोय, तुला बघून हसू येईल. खोलीत धिंगाणा झाला, गणपतकाका म्हणाला, 'कोण मेलं रे?' एकाने माझ्या ओठावर काजळाने मिशी काढायला घेतली. उज्ज्वल दारात उभा होता. त्याने पण आधी हसून घेतलं, मग हळूच म्हणाला, 'शनिवारपर्यंत उगवेल का रे?' त्याला अजून वाटतंय ही माझी एक गंमत आहे. त्याआधी सकाळीच मी ताहिरभाईकडे गेलो होतो. म्हटलं, समजा एखादा ड्रायव्हर म्हणाला की मला गाडी नको, वर्कशॉपमध्ये घ्या, तर? त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, 'कबड्डी की बात कर रहा है? भेज दे. गाली दूंगा, फिर सिखाऊंगा. लेकिन खुद आए. तू मत आना उसकी तरफ से.' मी हो म्हणालो. पण उज्ज्वल जाईल का ते मला माहीत नाय. तो शनिवारी स्वतःच डोळे तपासायला जाईल, तिथे डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरतील, मग जुना कागद निघेल आणि आम्ही दोघंही पुढच्या विमानात असू, असं पण होईल. किंवा तो मला मारेल आणि मग वर्कशॉपमध्ये जाऊन बसेल. मार खाल्लेला बरा. माझ्या डोक्यात सारखं एकच येतं, की शनिवारी दुपारी बस त्या गल्लीत थांबेल आणि ती पोरगी वाकेल, आणि मी सीफला एखाद्या छतावर असेन.

तर पत्र का लिहिलं ते ऐक. मिशी परत उगवते. मी मला ओळखतो, उद्या संध्याकाळी त्याच्यासमोर उभा राहिलो की मी काहीतरी जोक मारणार, तो हसणार, आणि आठवडाभरात मी परत मिशी कोरून त्या भिंतीसमोर बसणार. पण उद्या दुपारी काकाचं विमान उडालं की हा डबा माझ्या हातातून गेला, मग मागे फिरायला जागा नाय. म्हणून आधी तुला सांगितलं. उद्या कबड्डी संपली की किल्ल्याच्या भिंतीपाशी त्याला बसवणार आणि आधी फक्की सांगणार, मग शनिवारचं. त्याचं पत्र आलं किंवा तोच आला, आणि तो माझ्या नावाने कितीही बोलला, तरी बोलू दे. फक्त त्याला पुस्तकाचं काही म्हणू नकोस. आणि एक, पाया पडतो तुझ्या, तोपर्यंत कुणाला सांगू नकोस. काकींना नाय, सरांना नाय, आणि उज्ज्वलला तर अजिबात नाय, पत्रात नाय, फोनवर नाय, बोलता बोलता पण नाय. तू माझ्या बाजूने चार शब्द घालशील, मी ओळखतो तुला, आणि त्याचा राग अर्ध्यावर येईल. नको. आयुष्यभर मी त्याच्या नावाने हजर म्हणत आलो, एकदा मला माझ्या नावाने म्हणू दे. हे वाचून झालं की चुलीत घाल, डबा धुऊन काकींना दे, आणि मैत्री, खरंच, कुणालाच सांगू नकोस.

तुझाच
(आणि हे पत्राला लिहावं लागतं म्हणून नाय लिहिलं)
सुजीत